दिवसाची बत्ती

वालूरात कुणी माणिकरावांच्या थोरल्या मुलीची चौकशी केली, तर लोक म्हणत, "तिला पालमला दिली की." ते खोटं नव्हतं. कमलबाईला पालमच्या दिनकररावांच्या घरी दिली होती, वाजतगाजत गाड्या गेल्या होत्या. ती परत आली, हे मात्र कुणी बोलत नसे. लग्नाला दीड वर्ष झालं असेल-नसेल, तिच्या ओठाच्या कडेला तांदळाएवढा पांढरा ठिपका उठला. मग डोळ्याच्या कोपऱ्यात, मग बोटांवर. सासूनं आधी तिचं ताट वेगळं केलं, मग अंथरूण, आणि एके दिवशी झाकल्या गाडीत घालून तिला माहेरच्या दारात सोडलं. दिनकररावांनी त्याच उन्हाळ्यात दुसरी केली. कमलबाई तेव्हा सतरा वर्षांची होती.

ती गाडीतून उतरली ती थेट आतल्या खोलीत गेली. माळवदाचं, सपाट मातीच्या छताचं घर, त्यातली ही सगळ्यात आतली खोली. भिंती दोन-दोन हात रुंद, एका अंगाला जोंधळ्याच्या कणग्या, खिडकी नाही. उजेडवाऱ्यासाठी छताला एक सानं होतं, वीतभर चौकोनी भोक. पण माळवदावर पतंग उडवणारी पोरं त्यातून डोकावून "पांढरी बाई, पांढरी बाई" ओरडायला लागली, तेव्हा माणिकरावांनी वरून फरशी ठेवली आणि मातीनं लिंपून घेतली.

"तानूचं लगीन होऊस्तोर ऱ्हा," माय गोजरबाई म्हणाली. "घरात कोड हाय म्हणल्यावर धाकटीला कोण करून घेईल?"

कमलबाईला ते पटलं होतं. तानुबाईवर तिचा जीव होता. तिसऱ्या वर्षी तानुबाईचं लग्न झालं, कमलबाईनं कणगीला टेकून ताशा ऐकला, आणि मांडव उतरल्यावर वडिलांना विचारलं, "आबा, आता येऊ का बाहेर?"

माणिकराव वाईट माणूस नव्हते. निदान स्वतःला तसे समजत नव्हते. मान खाली घालून ते म्हणाले, "चंद्रभानचं बी होऊ दे. मग बघू."

धाकट्या भावाला, चंद्रभानला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं.

पुढं तिनं बाहेर यायचं विचारणं सोडलं. सानं तेवढं उघडा, म्हणत राहिली. आधी रोज, मग सणासुदीला, मग वर्षातून एखाद्या वेळी. घरची जुनी कामकरीण दगडाबाई तिला जेवण आणून देई आणि दिवस उगवायच्या आत परसात नेऊन आणी. असं करता करता नऊ वर्षं गेली.

जर्मनच्या लढाईचा शेवटचा उन्हाळा तोंडावर आला होता. फाल्गुनात निजाम सरकारचे जिल्ह्याचे मोठे साहेब, अव्वल तालुकदार, दौऱ्यावर वालूरला आले. डेरे माणिकरावांच्या आंबराईत पडले. भर दुपारी साहेब घरी सरबताला आले आणि बैठकीत टेकताच म्हणाले, "वल्लाह! माणिकराव, आपके घर में तो पंखे बगैर ठंडक है!"

माणिकरावांचा जमिनीचा एक तंटा साहेबांच्या पुढ्यात होता. त्यांनी हात जोडले. बोलता बोलता साहेबांनी आपली अडचण सांगितली. बेगमसाहेबांच्या इलाजासाठी ते मृगापर्यंत हैदराबादला चालले होते. परभणीच्या बंगल्यात त्यांची शौकाची विलायती झाडं होती, कुंड्यांतली. गेल्या उन्हाळ्यात त्यातली निम्मी झळांनी गेली होती.

"हुजूर, आमच्याकडं धाडा," माणिकराव म्हणून गेले. "जिवापाड जपू."

आठवडाभरात ओल्या पोत्यांत गुंडाळलेल्या गाडीभर कुंड्या दारात आल्या. माणिकरावांनी त्या ओसरीवर मांडल्या. दोनच दिवसांत झळ लागून पानांच्या कडा कागदासारख्या वाजायला लागल्या. स्वयंपाकघरात धूर. माजघरात चूल नव्हती, पण दोन्ही दारांतून गरम वारा आरपार जायचा. थंड अशी एकच जागा उरली.

"आन् कमल?" गोजरबाईनं विचारलं.

"ती बी ऱ्हाईल. तिला आशी कितीक जागा लागती?"

कुंड्या आत आल्या. कमलबाईनं अंथरूण कणगीला लावून घेतलं. नऊ वर्षांत त्या खोलीत पहिल्यांदाच कुणी राहायला आलं होतं. तिला झाडांची नावं ठाऊक नव्हती, तिनं आपलीच ठेवली. बारीक कातरलेल्या पानांची ती जाळीवाली, हाताच्या पंज्यासारखी ती पंखावाली, आणि लालसर पानावर पांढरे शिंतोडे असलेली ती ठिपक्याची. ठिपक्याच्या झाडाकडं पाहून दगडाबाई म्हणाली, "हे तर तुझ्या वाणाचं दिसतंय, बाई." कमलबाई हसली. ह्याच ठिपक्यांसाठी साहेबानं ते झाड लांबून आणवलं असणार, हा विचार तिच्या मनात आला.

पंधरवड्यात झाडं पिवळी पडायला लागली. नवे कोंब पांढुरके, लांबलचक, आणि सगळे दाराच्या फटीकडं वाकलेले. माणिकराव येऊन पाहत आणि कपाळाला हात लावत.

"उजेडात न्यावं तर करपायलेत, अंधारात ठिवावं तर पिवळी पडायलेत. करावं तरी काय!"

"आबा, त्यांना ऊन नको, उजेड पाहिजे," कमलबाई म्हणाली. "उजेड हितं आणा."

"हितं कसा आणू उजेड? पाटीत भरून?"

"बत्ती लावा. दिवसा."

दिवसा बत्ती लावणारं घर अख्ख्या पंचक्रोशीत नव्हतं. त्यात लढाईमुळं राकेल परमिटावर. पण साहेबांची झाडं मेली तर तंट्याचं काय होईल, हे त्यांना बत्तीशिवायही दिसत होतं.

आधी समया लावल्या. गोजरबाईची हौस. देवापुढं शोभणारा तो उजेड झाडाला पुरेना, पानापर्यंत पोचायच्या आतच मरून जाई. मग घरातले सगळे कंदील आढ्याला टांगले. कोंब थोडे कंदिलाकडं वळले खरे, पण पानांवर काजळी धरायला लागली. कमलबाई ओल्या फडक्यानं पान न् पान पुसत बसे. चार दिवसांनी तिनं सांगितलं, "ह्यानं भागायचं न्हाई. वरातीत असती तसली बत्ती पाहिजे."

तसली बत्ती गावात व्यंकटीकडं होती. लग्नसराईत वरातीपुढं डोक्यावर ग्यासबत्ती घेऊन चालायचं, हाच त्याचा धंदा. दोन बत्त्या होत्या, त्यांतली चांगली माणिकरावांनी मागितली. ऐन वैशाखात, लग्नांच्या हंगामात. व्यंकटीनं "मालक, माझा सीझन..." एवढंच म्हणून पाहिलं. "साहेबांचं काम हाय," माणिकराव म्हणाले, आणि बोलणं संपलं.

बत्ती लावायला शिकवायला व्यंकटीला उंबऱ्यापर्यंत येऊ दिलं. कमलबाईनं पदर पुढं ओढून घेतला होता, पण हात तर लपवता येत नव्हते. रेशमाची जाळी कशी बांधायची, ती एकदा जळली की तिची नुसती राख कशी उरते आणि ती राखच कशी उजळते, इस्पिरिटनं नळी तापवून मग पंप कसा मारायचा, हे त्यानं दाखवलं. जळलेल्या जाळीला काडीचाही धक्का सोसत नाही. कमलबाईनं पहिल्याच खेपेला बत्ती पेटवून आढ्याच्या आकड्याला अडकवली, जाळी हलली नाही.

"लय थिर हात हाय तुमचा, अक्का," व्यंकटी म्हणाला. तो हातांकडं बघतच म्हणाला, पांढऱ्या बोटांकडं, आणि त्याला काही वेगळं वाटल्यासारखं दिसलं नाही. तो गेल्यावर कमलबाईला रडू आलं. कशाचं, ते तिला सांगता आलं नसतं.

बत्तीनं खोली भट्टीसारखी तापली. दुपारपर्यंत कमलबाईचं डोकं गरगरलं, ती भिंत धरून खाली बसली. संध्याकाळी माणिकराव आले तेव्हा जाळीवालीची पानं माना टाकून बसली होती.

"आबा, ही गरमी वर जायला वाट पाहिजे. न्हाईतर झाडं ऱ्हात न्हाईत."

स्वतःचं ती काही बोलली नाही. बोलून उपयोग नसतो, हे तिला माहीत झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच माळवदावर कुदळीचे घाव पडले. मातीची ढेकळं तिच्या अंथरुणावर कोसळली, फरशी सरकली आणि सानं उघडलं. नऊ वर्षं ती ज्याच्यासाठी गयावया करत होती, ते झाडांना एका दिवसात मिळालं. दुपारी उन्हाचा एक चौकोन खोलीत उतरला. कमलबाईनं आपलं पाऊल त्यात ठेवलं आणि तो भिंतीकडं सरकून जाईपर्यंत काढलं नाही. जवळच्या कुंडीला तिनं त्या दिवशी तो उजेड दिला नाही.

पुढं मात्र ती त्या कामात अशी गुंतली की जेवायचं भान राहीना. आकड्याला बत्ती फार खाली लटकत होती, तिच्या धगीनं जाळीवालीचे शेंडे तांबूस पडले. कमलबाईनं दोरी बांधून बत्ती वर-खाली करायची सोय केली. बत्तीखाली, पानाच्या उंचीला, हाताचा पालथा पंजा धरायचा. जात्यावरची एक ओवी संथ म्हणून होईपर्यंत चटका बसला नाही, तर झाडाची जागा बरोबर. त्याहून लांब नेलं की कोंब पुन्हा लांबायला लागत. पंखावाली धग सोसायची, ती मध्ये. जाळीवाली नाजूक, ती कडेला. कुंड्या रोज थोड्या थोड्या फिरवायच्या, नाहीतर झाड एका अंगाला वाकतं. आधी ती बत्ती झोपायच्या वेळेपर्यंत जळत ठेवी, तर पानं मलूल दिसत. मग तिनं ठरवलं, दिवस मावळला की बत्ती बंद. झाडालाही रात्र लागते.

भिंती काळवंडलेल्या होत्या, उजेड पिऊन टाकत. तिनं चुना मागितला, तो आला. तरी मागच्या ओळीतली झाडं उपाशीच राहत. तेव्हा तिला बैठकीतला बिलोरी आरसा आठवला.

"तुला कशाला आरसा?" गोजरबाई दार अडवून म्हणाली. नऊ वर्षांत तिनं लेकीच्या हाती आरसा पडू दिला नव्हता. ती माया होती की भीती, तिचं तिला माहीत.

"मला न्हाई माय, झाडांना."

झाडांना म्हटल्यावर आरसाही आला. दगडाबाईनं तो भिंतीला टेकवला आणि ती निघून गेली. कमलबाईनं बत्ती लावली, आरसा सारखा करायला पुढं झाली, आणि तिला समोर एक बाई दिसली. डोळ्यांभोवती दोन पांढरी वर्तुळं, तोंडाभोवती पांढरी कड, बाकी चेहरा तानुबाईसारखा, मायसारखा. नाक सरळ. केसांत एक पांढरी बट. ती बराच वेळ बघत राहिली. अंधारात बसून तिनं आपल्या तोंडाची काय काय कल्पना केली होती! बोटं झडतील, नाक बसेल, असं सासू म्हणाली होती.

"इतकंच व्हय?" ती मोठ्यानं म्हणाली.

त्या दिवसापासून तिच्या मनात राग आला. तोवर दुःख होतं.

गावात हसू झालं होतं. माणिकराव दिवसाढवळ्या झाडांना बत्ती दाखवतात, म्हणत. हसण्याच्या तळाशी जळफळाट होता, कारण साहेबांच्या चिठ्ठीवर माणिकरावांना राकेलचे डबे येत होते आणि गावाला कंदिलाच्या वातीपुरतंही मिळत नव्हतं. दगडाबाई एकदा भाकरी ठेवता ठेवता म्हणाली, "आमच्या घरात ताटातली भाकर दिसंना, चाचपून खायलोत. आन् हितं झाडाला दिवसा उजेड."

कमलबाईनं बाटलीत थोडं राकेल काढून तिच्यापुढं धरलं.

"नको बाई," दगडाबाई मागं सरली. "मालकानं पाहिलं तर दोघींची बी धडगत न्हाई."

मृग लागला आणि साहेब परत आले. झाडं बघायला स्वतः वालूरला येणार, असा निरोप आला. सकाळपासून घरात धावपळ. कमलबाईचं अंथरूण, तिचा तांब्या, तिची फणी, सगळं गोळा करून गोठ्यामागच्या कडब्याच्या कोठीत नेलं आणि तिलाही तिथंच बसवलं. कडब्याला टेकून ती ऐकत होती. साहेबांचे बूट वाजले, मग बराच वेळ काही नाही, मग साहेबांचा आवाज अंगणात आला. खुशीत होते.

"कमाल है! हमारे बाग में भी ऐसे पत्ते नहीं आए! किसने संभाला इनको?"

निदान मुलगी म्हणतील. नाव नाही घेणार, पण "घरातल्या बाईनं" एवढं तरी म्हणतील.

"आपल्या चंद्रभाननं, हुजूर," माणिकराव म्हणाले.

चंद्रभान तिथंच उभा होता. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. बंगल्याच्या बागेवर अशाच पोराची गरज आहे, म्हणाले. आठ दिवसांत त्याला परभणीला सरकारी नोकरी लागली, आणि माणिकरावांचा तंटाही पावसाळ्यात त्यांच्या बाजूनं सुटला.

त्या दिवशी साहेबांची मोटार गेल्यावर, दिवे लागायच्या आधी, चंद्रभान कडब्याच्या कोठीत आला.

"अक्का, मी बोलणार व्हतो."

"मग?"

"आबा व्हते समोर."

ह्या पोराला तिनंच मुळाक्षरं शिकवली होती, ह्याच घरात, त्या आतल्या खोलीत. तिला त्याला शाप द्यावासा वाटला. तोंडातून आलं ते वेगळंच.

"कुंड्या रोज फिरवत जा. आन् जाळीवालीला खालून पाणी घाल, वरून नको."

कुंड्या गेल्या. बत्ती व्यंकटीकडं गेली, हंगाम संपल्यावर. आरसा बैठकीत गेला. मग मोठा पाऊस लागायच्या आधी माळवद नीट करायला माणसं चढली, आणि कमलबाईच्या डोक्यावर फरशी सरकल्याचा आवाज झाला. ती धावत दारापर्यंत आली.

"आबा, सानं ऱ्हाऊ द्या उघडं."

माणिकरावांना खरंच नवल वाटलं. "आता कशाला?" ते म्हणाले. "झाडं तर गेली."

पुढच्या चैत्रात चंद्रभान परभणीहून आला. तोंड उतरलेलं. बंगल्यात विजेचे दिवे होते, साहेबांच्या स्वतःच्या यंत्रावर चालणारे. बेगमसाहेबांना ग्यासबत्तीचा वास सोसवत नव्हता, म्हणून झाडं आत घेतल्यावर विजेचा दिवा लावला होता. झाडं तरी पिवळी पडत होती.

"किती उंच हाय दिवा?" कमलबाईनं विचारलं.

"तुझ्या बत्तीएवढाच ठिवला की."

"हात खाली धरलास का? गरम लागतं?"

"लय न्हाई."

"मग खाली घे. ओवी म्हणून बघ." ती थांबली. "आन् यंत्र किती येळ चालतं?"

"दिवस बुडाल्यावर चालू करत्यात. साहेब जेवून झोपूस्तोर."

"तेवढ्यात काय हुतंय चंद्रभान! दिवसभर पाहिजे." मग ती हळूच म्हणाली, "मला ने. मी तो दिवा पाहिलाच न्हाई कधी. पाहिल्याबिगर कसं सांगू? बुरख्यात ने, माघारच्या दारानं ने, पण ने."

चंद्रभाननं वडिलांकडं पाहिलं. माणिकराव दारातूनच म्हणाले, "साहेबाच्या बंगल्यात? हिला?" आणि ते हसले. ते हसणं कमलबाई जन्मभर विसरली नाही.

चंद्रभाननं दिवा खाली घेतला. यंत्र दिवसा चालवा, असं साहेबांना म्हणायचा त्याला धीर झाला नाही. वैशाखात झाडं एकामागून एक गेली आणि पाठोपाठ नोकरीही गेली. घरी आल्यावर तो कुणाशी बोलेना. गोजरबाईनं मात्र बोलून दाखवलं, आणि कमलबाईला ऐकू जाईल अशा बेतानं.

"तिनं मुद्दाम धड सांगितलं न्हाई. भावाचं बरं झालेलं बघवंना तिला."

पुढची दोन वर्षं कशी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. एक पावसाळा, एक हिवाळा, पुन्हा तेच. मग रझाकारांची धामधूम सुरू झाली. रोज नवी अफवा. गावातली खाती-पिती घरं बायकापोरांना गाडीत घालून सरहद्दीपार वऱ्हाडात नेऊन ठेवायला लागली. माणिकरावांनीही गाड्या जुंपल्या. पेट्या, भांडी, धान्याची पोती चढली. तानुबाईही लेकरं घेऊन आली होती, ती चढली. कमलबाई आतल्या दारात गाठोडं घेऊन उभी होती.

"तू ऱ्हा," माणिकराव म्हणाले. "घरावर कुणी पाहिजे. दगडाबाई हाय संगतीला."

"आन् कुणी आलं तर?"

माणिकराव गाडीची दोरी आवळत होते. उत्तर गोजरबाईनं दिलं, तिच्याकडं न बघता. "तुला कोण काय करतंय, माय. तुझ्याकडं कोण बघतंय."

गाड्या गेल्या. धूळ बसली. कमलबाई थोडा वेळ गाठोडं धरून तशीच उभी राहिली, मग तिनं ते अंगणात भिरकावून दिलं. लोखंडी पहार घेऊन ती माळवदावर गेली आणि फरशी तिनं स्वतः उपसून काढली. हात सोलले. खाली येऊन तिनं घराची सगळी दारं उघडली, रस्त्यावरचंसुद्धा, आणि ओसरीच्या पायरीवर तोंड उघडं ठेवून बसली.

पहिल्या दिवशी गल्लीतून जाणाऱ्या बायका थबकल्या. दुसऱ्या दिवशी एकीनं विचारलं, "कमल ना तू? पालमहून कवा आलीस?" कमलबाई म्हणाली, "लय दिस झाले." बाई बरं म्हणून पुढं गेली. आठवडाभरात शेजारणी चुलीसाठी इस्तू न्यायला, ताक मागायला येऊ लागल्या. व्यंकटी एकदा रस्त्यानं जाताना थांबला, "अक्का, बऱ्या हायसा ना?" म्हणाला. एकदोघी तिच्या हातचं पाणी टाळत, एकीनं पोराला मागं ओढलं. ह्यापलीकडं काही झालं नाही. ती रस्त्यावर दिसली तर घर बुडेल, म्हणून तिला कोंडलं होतं, आणि गावानं दोन दिवस टक लावून पाहिलं आणि सोडून दिलं. हे कळल्यावर तिला आनंद व्हायला हवा होता. पण त्या दिवशी ती जेवली नाही. दगडाबाईनं विचारलं तर म्हणाली, "एवढ्यासाठी? दगडाबाई, एवढ्याशासाठी?"

रझाकार त्या गल्लीत आलेच नाहीत. भादव्यात हिंदुस्थानची फौज आली, निजामाचा अंमल गेला, आणि दसऱ्याच्या सुमाराला माणिकरावांच्या गाड्या परतल्या. गोजरबाई उतरली ती दार बघून थबकली.

"दार उघडं टाकून बसलीस? लोकांनी पाहिलं आसंल!"

"पाहिलं."

"आन्?"

"आन् काय? ताक मागाया येत्यात."

मार्गशीर्षात सोनपेठहून चंद्रभानला बघायला पाहुणे येणार ठरलं, तेव्हा माणिकराव तिच्यापाशी येऊन बसले. किती वर्षांनी बसले होते. म्हणाले, "एक दिवस आत ऱ्हा. तेवढा एकच दिवस. मग मी कधी म्हणणार न्हाई."

कमलबाईनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

पाहुणे आले, बैठकीत बसले. मुलीचा बाप किशनराव घरचं, शेतीचं विचारत होता. चंद्रभान नव्या धोतरात खाली बघत बसला होता. आतून तांबे येताना दिसले, आणि तांब्यांबरोबर कमलबाई. डोक्यावर पदर होता, तोंडावर नव्हता. तिनं एकेकापुढं तांब्या ठेवला. किशनरावांपुढं ठेवताना ती म्हणाली, "मी चंद्रभानची थोरली बहीण. ह्याच घरात असते."

किशनराव तिच्या बोटांकडं बघत होते. मग त्यांनी सोबतच्या माणसाकडं पाहिलं, आणि उन्हं उतरायच्या आत निघायला पाहिजे, असं काहीतरी पुटपुटत ते उठले. माणिकराव त्यांच्यामागं दारापर्यंत गेले, रस्त्यापर्यंत गेले. गाडीचे घुंगरू लांब गेले.

चंद्रभान उठला. तिच्या अंगावरून जाताना क्षणभर थांबला. तिला वाटलं तो शिवी देईल, किंवा रडेल. तो म्हणाला, "झाडं मीच मारली, अक्का. मायनं तुला बोल लावला, तवा मी गप बसलो." आणि तो बाहेर निघून गेला. त्यानंतर तो तिच्याशी कधी बोलला नाही. पुढं दोन वर्षांनी दूरच्या गावची, गरिबाघरची मुलगी त्याला मिळाली, आणि तो सासऱ्याच्याच गावी राहायला गेला.

गोजरबाई आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिचे डोळे कोरडे होते.

"झालं तुझं समाधान?"

कमलबाईनं बैठकीकडं पाहिलं. तांबे जिथल्या तिथं भरलेले होते, कुणी शिवलंसुद्धा नव्हतं.

"न्हाई, माय," ती म्हणाली. तिनं किशनरावांपुढचा तांब्या उचलला, पाणी पिऊन टाकलं, आणि बाकीचे गोळा करायला खाली वाकली.